उरेल त्याचं नाव

एप्रिल १९९५मध्ये डीप पर्पल हा इंग्लिश बँड मुंबईत वाजवून गेला. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने डीव्हीडीवर आलं. मंचावर पाच जण दिसतात. इयन गिलन गातोय, रॉजर ग्लोव्हर बेसवर आहे, जॉन लॉर्ड ऑर्गनमागे आणि इयन पेस ड्रम्सवर. हे चौघे कॅसेटच्या वेष्टनांवरून आपल्याकडच्या चाहत्यांच्या ओळखीचे. पाचवा, गिटार वाजवणारा अमेरिकन, त्या वेष्टनांवर कुठेच नव्हता. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातीची सुरावट गिटार हातात घेणाऱ्या दोन पिढ्या सर्वांत आधी शिकल्या. ती सुचलेला रिची ब्लॅकमोर नोव्हेंबर १९९३मध्ये दौरा अर्ध्यावर टाकून निघून गेला होता. जपानचे ठरलेले कार्यक्रम जो सॅट्रियानीने निभावून नेले आणि १९९४मध्ये स्टीव्ह मोर्स आला. वीस वर्षं वाट पाहून लग्नाला जावं आणि बोहल्यावर नवरदेव दुसराच निघावा, तसा काहीसा प्रकार.

(डीव्हीडीच्या नावातही एक गंमत आहे. 'चाइल्ड इन टाइम' या पर्पलच्या गाजलेल्या गाण्याची धून इट्स अ ब्युटिफुल डे या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या एका रचनेवरून उचललेली. १९६९च्या त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. म्हणजे उधारी फेडायला मंडळी पत्ता शोधत आली म्हणायची.)

हा 'दुसरा नवरदेव' पुढे २०२२पर्यंत राहिला. ब्लॅकमोरची दोन्ही खेपांची वर्षं जोडली तरी सोळाच्या आसपास भरतात. मोर्सची अठ्ठावीस. तरीही अनेकांच्या लेखी तो शेवटपर्यंत 'ब्लॅकमोरच्या जागेवर आलेला' होता. या प्रकरणात मला माणसांपेक्षा या 'जागे'बद्दल जास्त बोलायचं आहे.

डीप पर्पलचे चाहते बँडच्या प्रत्येक संचाला क्रमांक देतात: मार्क १, मार्क २, मार्क ३. यंत्राच्या किंवा रणगाड्याच्या सुधारित आवृत्तीला द्यावा तसा. बँड १९६८मध्ये हर्टफर्डला उभा राहिला तेव्हा गायक होता रॉड एव्हन्स आणि बेसवर निक सिंपर. वर्षभरातच ब्लॅकमोर आणि लॉर्ड यांना वाटू लागलं की या गळ्यात पुढे जाण्याइतका जोर नाही. मग त्यांनी जे केलं ते आपल्याकडच्या एखाद्या कौटुंबिक मालिकेत शोभलं असतं. एपिसोड सिक्स नावाच्या बँडमधून गिलन आणि ग्लोव्हर यांना फोडलं आणि दिवसा त्यांच्याबरोबर हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये गुपचूप तालमी सुरू केल्या. रात्री एव्हन्स आणि सिंपरसह ठरलेले कार्यक्रम चालूच होते. आपण आधीच माजी झालो आहोत हे त्या दोघांना सर्वांत शेवटी कळलं.

या चोरट्या तालमींतून निघालेला मार्क २ हा बहुतेकांच्या मते खरा डीप पर्पल. तो टिकला चार वर्षं. सततचे दौरे, ब्लॅकमोर आणि गिलन यांची एकमेकांना न सोसणारी डोकी. जून १९७३मध्ये ओसाकाला शेवटचा कार्यक्रम करून गिलन बाहेर पडला आणि ग्लोव्हरलाही जावं लागलं. बेससाठी ट्रॅपीझमधून ग्लेन ह्यूज आला. गायक म्हणून आला डेव्हिड कव्हरडेल. हा इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर रेडकार गावात एका कपड्यांच्या दुकानात विक्रेता होता. 'मेलडी मेकर' साप्ताहिकात त्याने वाचलं की पर्पलवाले अनोळखी गायकांचाही विचार करत आहेत. टेप पाठवली आणि निवडला गेला. ६ एप्रिल १९७४ला कॅलिफोर्निया जॅममध्ये दोन लाखांहून अधिक लोकांसमोर तो उभा राहिला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि शर्ट-पँट विकायचं सोडून त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी ब्लॅकमोर गेला. टॉमी बोलिन आला. १९७६च्या मार्चमध्ये लिव्हरपूलच्या कार्यक्रमानंतर कव्हरडेल रडत राजीनामा द्यायला गेला, तर त्याला सांगण्यात आलं की सोडायला आता बँडच उरलेला नाही. लॉर्ड आणि पेस यांनी ते आधीच ठरवलं होतं. त्याच डिसेंबरात बोलिन अमली पदार्थांच्या अतिसेवनाने वारला, पंचविसाव्या वर्षी.

आता खरी गोष्ट. १९८०मध्ये डीप पर्पल पुन्हा रस्त्यावर आल्याच्या जाहिराती मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात झळकल्या. तिकिटं खपली. मंचावर निघाला रॉड एव्हन्स, तोच १९६८चा पहिला गायक, आणि त्याच्याभोवती चार अनोळखी वादक. हा सगळा घाट एका व्यवस्थापन कंपनीने घातला होता. लाँग बीच अरीनाच्या कार्यक्रमाआधी खऱ्या मंडळींच्या व्यवस्थापनाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिच्यात ब्लॅकमोर, कव्हरडेल, गिलन, ग्लोव्हर, ह्यूज, लॉर्ड, पेस अशी यादीच होती: हे सात कलाकार उद्याच्या कार्यक्रमात वाजवणार नाहीत. कार्यक्रमात कोण नाही याची जाहिरात करावी लागणं हा प्रकार दुर्मीळच. प्रकरण कोर्टात गेलं, ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई ठोठावली गेली आणि एव्हन्सला पहिल्या तीन अल्बमच्या रॉयल्टीवरही पाणी सोडावं लागलं. त्यानंतर तो संगीताच्या जगातून नाहीसाच झाला.

एव्हन्स तोतया नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पहिल्या दिवसापासूनचा सभासद होता. उलट ज्या सात जणांच्या नावाने जाहिरात निघाली त्यांतले चौघे नंतर आलेले. तरी त्याचा बँड खोटा ठरला, आणि ऐकणाऱ्यांनाही तो खोटाच वाटला.

अशी नक्कल फ्लीटवूड मॅकनेही पाहिली होती. १९७४मध्ये त्यांच्या मॅनेजरने, क्लिफर्ड डेव्हिसने, नाव आपल्या मालकीचं असल्याचं सांगत भलत्याच वादकांचा संच त्या नावाने अमेरिकेच्या दौऱ्यावर धाडला. ज्या बँडचं नावच ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांच्या आडनावांवरून पडलं, तो या दोघांशिवाय वाजणार होता. दौरा कोसळला, खटला झाला, आणि मूळ मंडळी कॅलिफोर्नियात जाऊन स्वतःचा कारभार स्वतः पाहू लागली.

मग नाव असतं कुणाचं? याचं स्पष्ट उत्तर इंग्लंडच्या एका न्यायाधीशाने २००३मध्ये दिलं. निमित्त झालं सॅक्सन या हेवी मेटल बँडचं. यॉर्कशरमधल्या बार्न्सलीच्या भागातला हा बँड. त्याचा बेसवादक स्टीव्ह डॉसन १९८६मध्ये बाहेर पडला आणि गिटारवादक ग्रॅहम ऑलिव्हर १९९५मध्ये. गायक बिफ बायफर्ड मात्र नवी माणसं घेत वाजवतच राहिला. पुढे ऑलिव्हर आणि डॉसन यांनी 'सॅक्सन' हा शब्द स्वतःच्या नावे ट्रेडमार्क म्हणून नोंदवला. आम्ही मूळचे, नाव आमचंही, हा युक्तिवाद. ट्रेडमार्क कार्यालयात तो चालला. अपिलात न्यायमूर्ती लॅडी यांनी तो उलटवला. त्यांचं म्हणणं असं: बँड ही भागीदारी आहे, तिचं नाव आणि नावाची पत ही भागीदारीची मालमत्ता. भागीदार बाहेर पडला तर त्याला हिशेबात वाटा मागता येईल, पण नावाचा तुकडा तोडून नेता येणार नाही. शिवाय बायफर्ड आणि नव्या साथीदारांनी पुढची वर्षं घाम गाळून जी पत कमावली ती त्यांची. पहिल्या दिवशीच चार ओळींचा करार लिहून ठेवला असता तर ही वेळ आली नसती, हे वेगळं सांगायला नको. पण एकोणिसाव्या वर्षी गॅरेजमध्ये ॲम्प्लिफायर लावताना वकिलाला कोण बोलावतो?

आपल्याकडे १९१३मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले तेव्हा त्यांनी सरळ नवं नाव घेतलं आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. लोक बालगंधर्वांच्या नावाने तिकीट काढत, पाटी कुठलीही असो. रॉकमध्ये उलट आहे. तिथे पाटीच विकली जाते. टी-शर्टवर बँडचं नाव असतं, आणि बेस वाजवणाऱ्याचं नाव विचारलं तर तो टी-शर्ट घातलेले निम्मे लोक घुटमळतील. रेकॉर्ड कंपन्या हे पुरतं ओळखून असतात. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी १९८६मध्ये 'सेव्हंथ स्टार' हा स्वतःचा एकट्याचा अल्बम काढायला निघाला होता. कंपनी अडून बसली, आणि वेष्टनावर 'ब्लॅक सॅबथ, सहभाग टोनी आयोमी' अशा अर्थाची विचित्र ओळ आली. सॅबथच्या मूळ चौघांतला आयोमी सोडून एकही त्यावर नव्हता. गायक होता ग्लेन ह्यूज, पर्पलचा. त्याआधी १९८३मध्ये सॅबथसाठी गिलनही गाऊन गेला होता, आणि त्याच्या आधीचा डिओ आला होता ब्लॅकमोरच्या रेनबोमधून. ही सोयरीक इतकी गुंतागुंतीची की पीट फ्रेम नावाच्या इंग्लिश लेखकाने तिचे हाताने वंशवृक्ष काढले, त्यांचं पुस्तक झालं आणि पुढे बीबीसीवर मालिकाही.

माणसं सोडून का जातात? अहंकार आणि दारू ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि चरित्रांतून ती रंगवून सांगितलेली असतात. पैशाचं कारण कमी सांगितलं जातं, कारण ते समजायला जरा किचकट. रेकॉर्ड कंपनी आगाऊ रक्कम देते, ती विक्रीतून वळती होईपर्यंत वादकांच्या हाती फारसं काही पडत नाही. पण गाणं ज्याच्या नावावर, त्याला गीतलेखनाची रॉयल्टी वेगळी मिळते. म्हणजे एकाच व्हॅनमधून फिरणारे, एकाच हॉटेलात उतरणारे चार जण. त्यांतल्या एकाचं घर होतं आणि बाकी तिघे भाड्याने राहतात. 'हा सूर मी सुचवला होता' हे भांडण वरवर सुराचं दिसतं, असतं घराच्या हप्त्याचं. मार्क २ने यावर साधा तोडगा काढला होता. गाणं कुणाचंही असो, पाचही नावं. भांडणं त्याने थांबली नाहीत, हे वर आलंच आहे. पण १९८४मध्ये तेच पाच जण पुन्हा एकत्र येऊ शकले, त्यात या तोडग्याचा थोडा हात असावा असा माझा अंदाज आहे.

जाणाऱ्यावर पुस्तकं लिहिली जातात. येणाऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि गोष्ट तिथेच खरी रंगते. २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये मेटालिकाची बस उलटली आणि बेसवादक क्लिफ बर्टन जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता. सहा आठवड्यांनी, ८ नोव्हेंबरला, फ्लोट्सम अँड जेट्समचा जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी उभा राहून वाजवत होता. न्यूस्टेड मेटालिकाचा निस्सीम भक्त. घरात आला आणि सासुरवास सुरू झाला. त्याची टर उडवणं, हॉटेलातल्या खाण्यापिण्याची बिलं त्याच्या खोलीवर लावणं, असे खेळ चालत. या सगळ्याखाली मित्र गेल्याचं न जिरलेलं दुःख होतं, हे पुढे त्या लोकांनीच कबूल केलं. १९८८चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम मुद्दाम लावून ऐका. न्यूस्टेड त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतोय, पण मिक्सिंगमध्ये बेस इतका खाली दाबला आहे की कान लावूनही हाती फारसं लागत नाही. सून घरात आहे, स्वयंपाक तीच करते, पण पाहुण्यांसमोर यायचं नाही.

तरीही तो चौदा वर्षं राहिला. जानेवारी २००१मध्ये तो गेला कारण इकोब्रेन हा त्याचा छोटा वेगळा बँड त्याने चालवू नये असा गायक जेम्स हेटफील्डचा हट्ट होता. मग उरलेल्यांनी एक मानसतज्ज्ञ नेमला, महिना ४० हजार डॉलरवर, आणि कॅमेऱ्यासमोर एकमेकांशी बोलायला शिकले. २००३मध्ये रॉबर्ट ट्रुहियोला घेतलं तेव्हा त्याला आगाऊ दहा लाख डॉलर देऊ केले, तेही त्याच कॅमेऱ्यासमोर. पहिल्या सुनेला झालेल्या जाचाची भरपाई दुसरीला मिळाली, असंच ते पाहताना वाटतं.

गायक बदलणं बेसवाला बदलण्याहून कितीतरी अवघड. गिटारच्या तारा नव्या माणसाच्या हातीही त्याच सुरात लागतात, गळा लागत नाही. आयर्न मेडनमधून ब्रूस डिकिन्सन गेल्यावर १९९४मध्ये ब्लेझ बेली आला. भरदार, खालच्या पट्टीचा आवाज. नवी गाणी त्याने चांगली गायली, पण दर रात्री जुनी गाणीही म्हणावी लागत, आणि ती डिकिन्सनच्या गळ्यासाठी, वरच्या षड्जाशी खेळत बांधलेली. काळी एकच्या गायकाने काळी पाचची पदं म्हणावीत तशी ओढाताण होई. दोष कुणाचाच नव्हता, पण बोल बेलीला लागला.

१९९९मध्ये डिकिन्सन परतला, त्याच्याबरोबर जुना गिटारवादक एड्रियन स्मिथही. आता पेच असा की स्मिथच्या जागेवर नऊ वर्षं यानिक गर्स वाजवत होता. मेडनचा कर्ता पुरुष स्टीव्ह हॅरिसने त्याला काढलंच नाही. दोन गिटारांच्या बँडमध्ये तीन गिटार झाल्या. कागदावर ही अडगळ वाटते. प्रत्यक्षात बँड त्यानंतर पंचवीस वर्षं मोठमोठी मैदानं भरत राहिला. १ फेब्रुवारी २००८ला त्यांच्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात फुटला. विमान स्वतः डिकिन्सन चालवत होता आणि मंचावर तिन्ही गिटार होत्या. जागा रिकामी होण्याच्या गोष्टी शंभर सापडतील. जागा वाढवल्याची ही मला ठाऊक असलेली जवळजवळ एकमेव.

मुंबईतल्या बँडची गळती मात्र वेगळ्या जातीची. इथे रॉयल्टीवरून भांडायला रॉयल्टीच नसते. माणूस जातो तो परदेशी शिकायला, नोकरीतल्या बदलीवर, लग्न ठरलं म्हणून. रॉक मशीन हा १९८४चा बँड. १९९३मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाला, १९९७मध्ये थांबला. २०१०मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया जुने, तर बेस आणि ड्रम्सवर नवी तरुण मंडळी. डेमॉनिक रिझरेक्शन हा मेटल बँड २००० सालचा. त्यात सुरुवातीपासून टिकलेला एकच, साहिल मखिजा. बाकी खुर्च्यांवरची माणसं इतक्या वेळा बदलली की तिथे मार्कचे क्रमांक द्यायचे ठरवलं तर चाहत्यांना वही ठेवावी लागेल.

शेवटी नेपाम डेथ. बर्मिंगहॅमजवळच्या पोरांचा बँड, आणि १९८७मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम 'स्कम'. अठ्ठावीस गाणी, तेहेतीस मिनिटांच्या आसपास. त्यांतलं 'यू सफर' हे जेमतेम सव्वा सेकंदाचं, म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेलेलं. रेकॉर्डची पहिली बाजू ऑगस्ट १९८६मध्ये ध्वनिमुद्रित झाली, दुसरी मे १९८७मध्ये. मधल्या नऊ महिन्यांत बँड फुटला. पहिल्या बाजूवर गिटार जस्टिन ब्रॉडरिकची, दुसरीवर बिल स्टीअरची. गायक वेगळा, बेसवाला वेगळा. दोन्ही बाजूंवर समान माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस, आणि तोही संस्थापक नव्हे. तबकडी उलटली की जवळजवळ अख्खा बँड बदलतो, आणि तरी नवखा श्रोता दोन्ही बाजू एका दमात ऐकून काही वेगळं घडल्याचं ओळखत नाही.

हॅरिसही १९९१मध्ये गेला. आज बँडमध्ये मूळचा एकही माणूस नाही, आणि त्याला कुणी नकली म्हणत नाही. पालखीच्या रथापुढच्या-मागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. दिंडीतला प्रत्येक वारकरी कधी ना कधी बदलतो, क्रमांक चालत राहतो, कारण नवा माणूस जुन्याच्या शेजारी काही वर्षं चाललेला असतो. नेपाम डेथमध्ये तेच झालं. जो आला त्याने आधीच्यांपैकी कुणाच्या तरी जोडीने वाजवलं. रॉड एव्हन्सच्या १९८०च्या मंचावर मात्र त्याच्याशेजारी पूर्वी कधी उभा राहिलेला एकही जण नव्हता.

नेपाम डेथचा आजचा सर्वांत जुना माणूस शेन एम्बरी, बेसवाला. तो १९८७मध्येच आला, पण 'स्कम'ची दुसरी बाजू मुद्रित झाल्यानंतर. त्या अल्बमच्या कुठल्याच बाजूवर तो नाही. ती गाणी मंचावर मात्र तो जवळपास चाळीस वर्षं वाजवतोय, सव्वा सेकंदाच्या त्या गाण्यासकट.